आणाल तो दस्त दाखल : कुक काउंटीच्या नोंदणी दप्तराची वाटचाल

शिकागो शहर ज्या कुक काउंटीत आहे, तिथे ‘रेकॉर्डर ऑफ डीड्स’ नावाचे पद होते. दस्तांची नोंद ठेवणे हे त्याचे काम. कधी कोर्टाच्या लेखनिकाकडे, कधी स्वतंत्र निवडून आलेल्या अधिकाऱ्याकडे असे करत हे काम १८३१ पासून चालत आले आणि डिसेंबर २०२० मध्ये ते पद बंद झाले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर बसलेल्या कोणालाही समोर आलेला दस्त खरा की खोटा हे ठरवण्याचा अधिकार नव्हता. सही आहे, नोटरीचा शिक्का आहे, जमिनीचे वर्णन आहे, फी भरली आहे? मग घ्या दाखल.

आपल्याकडचा दुय्यम निबंधक तरी वेगळे काय करतो? १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली तोही दस्त नोंदवतो, मालकी नव्हे. पण आपल्याकडे त्याच्या पलीकडे तलाठी आहे, फेरफार आहे, सातबारा आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हा दुसरा कागदच नाही. जागेचा मालक कोण हे कळायचे तर आजचा दस्त, त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा असे वाचत जायचे आणि मधली कडी कुठे निखळलेली नाही ना हे आपले आपण पाहायचे. म्हणून दप्तर सर्वांना उघडे असणे भाग होते. कोणीही यावे, कोणाच्याही जागेचे कागद पाहावेत, कारण सांगायची गरज नाही. या उघडेपणाचा फायदा कोणी कोणी कसा घेतला, हे या दप्तराच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

काउंटी स्थापन झाली १५ जानेवारी १८३१ रोजी. त्याआधी काही महिने, ४ ऑगस्ट १८३० ला, जेम्स थॉम्पसन या मोजणीदाराने नदीच्या मुखाजवळच्या चिखलावर रस्ते आणि प्लॉट आखून नकाशा दिला होता. व्हायचा असलेला कालवा आणि त्यासाठी विकायच्या जमिनी, एवढ्यावर गाव उभे राहत होते. सुरुवातीला रिचर्ड हॅमिल्टन हा एकच माणूस कोर्टाचा लेखनिक, वारसाहक्काचा न्यायाधीश आणि रेकॉर्डरही होता. गावाला तेवढे पुरत होते. मग १८३५-३६ ची जमिनीची धुंदी आली. एकाच प्लॉटचे हात इतक्या भराभर बदलू लागले की वह्या फुगल्या, आणि १८३७ च्या मंदीत त्यातले कित्येक व्यवहार कर्जासकट कोसळले. कागद मात्र राहिले. ते उलगडायचे कोणी?

१८४७ मध्ये एडवर्ड रकर या वकिली कारकुनाला एक सोपी गोष्ट सुचली. दप्तरातली सूची माणसांच्या नावांवर होती. त्याने प्लॉटवर सूची केली. एक प्लॉट, एक पान, त्यावर त्या जागेचे सगळे दस्त. यातून गोषवारे काढून देणाऱ्या खासगी पेढ्यांचा धंदा उभा राहिला. पेढ्यांची माणसे सरकारी दप्तरात रोज येत, नव्या दस्तांची टिपणे काढत, आपापल्या वह्यांत चढवत. जे काम सरकारने करायला हवे होते ते बाजाराने केले, आणि त्याचे पैसे घेतले. तेव्हा हे कोणाला खटकले असेल असे वाटत नाही.

८ ऑक्टोबर १८७१, रविवारची रात्र. शिकागोची आग. पहाटे दोनच्या सुमारास कोर्टहाउसचा घुमट आणि त्यातली प्रचंड घंटा खाली आली आणि काउंटीचे दप्तर राख झाले. सुमारे तीनशे माणसे गेली, लाखभर बेघर झाली. जगलेल्यांपुढे विचित्र प्रश्न उभा राहिला : जागा तिथेच आहे, पण ती आपली हे दाखवायचे कशाने? जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदीही त्याच आगीत गेल्या. आजही कुक काउंटीत पूर्वज शोधणाऱ्याला पहिली गोष्ट सांगतात ती हीच, की १८७१ च्या अलीकडे राहा.

जमीन वाचली ती खासगी वह्यांमुळे. चेस ब्रदर्स, शॉर्टॉल अँड होअर्ड आणि जोन्स अँड सेलर्स अशा तीन पेढ्या होत्या. आगीच्या रात्री प्रत्येकीने हाती लागले ते बाहेर काढले. जॉन शॉर्टॉलने रस्त्यावरून जाणारी एक मालवाहू घोडागाडी पिस्तुलाच्या धाकाने अडवून तीत वह्या भरल्या, असे सांगतात. गोष्ट रंगवलेली असू शकेल, पण वह्या वाचल्या हे खरे. कोणा एकीचा संच पूर्ण नव्हता; तिन्ही एकत्र मांडले तेव्हा काउंटीभरच्या जमिनींचा माग लागला. १८७२ मध्ये इलिनॉय राज्याने ‘बर्न्ट रेकॉर्ड्स ॲक्ट’ केला. त्या कायद्याने हे गोषवारे कोर्टात पुरावा म्हणून चालू लागले, आणि मालकाला अर्ज करून आपला हक्क नव्याने शाबीत करून घेता येऊ लागला.

म्हणजे एका शहराची जमिनीची आठवण काही वर्षे पूर्णपणे तीन पेढ्यांच्या कपाटात होती. प्रतिस्पर्धी एकत्र आले, पुढे त्यांची एकच कंपनी झाली, आणि तिचा वारसा सांगणारी शिकागो टायटल ही कंपनी आजही मालकीहक्काचा विमा विकते. अमेरिकेत घर घेणारे मराठी कुटुंब खर्चाच्या यादीत ‘टायटल इन्शुरन्स’ ही ओळ पाहून बुचकळ्यात पडते. सरकारी दप्तर मालकीची हमी देत नाही, म्हणून ती विकत घ्यावी लागते, इतके साधे कारण आहे.

हमी सरकारने द्यावी असा एक प्रयत्न झाला. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्सने आणलेली पद्धत अशी की एकदाच हक्क तपासायचा, मग सरकारने मालकीचे प्रमाणपत्र द्यायचे आणि तेच अंतिम मानायचे. आग पाहिलेल्या कुक काउंटीला ही कल्पना पटणारच. १८९५ चा पहिला कायदा कोर्टाने रद्द केला, १८९७ चा दुसरा टिकला, काउंटीच्या मतदारांनीही तो स्वीकारला. मग शतकभर एकाच इमारतीत दोन पद्धती शेजारी शेजारी चालल्या. टॉरेन्समध्ये येणे ऐच्छिक होते, त्यामुळे फार थोड्या जागा आल्या. आलेल्यांची कामे रेंगाळली. १९९० च्या दशकात ही पद्धत गुंडाळली गेली. माझ्या मते चूक पद्धतीत नव्हती, ऐच्छिकपणात होती. ऐच्छिक मालकी-हमी ही ना धड विमा, ना धड सातबारा.

विसाव्या शतकात या दप्तरात जे जमा झाले ते वाचवत नाही. १९२०-३० च्या दशकांत शिकागोच्या दक्षिण भागातल्या गोऱ्या घरमालकांनी गल्लीगल्लीतून करार केले की आपली जागा कृष्णवर्णीयांना विकायची नाही, भाड्यानेही द्यायची नाही. असे करार रीतसर नोंदवले गेले. दप्तराने घेतले, क्रमांक दिला, वहीत बांधले. त्यातलाच एक करार हॅन्सबेरी कुटुंबाविरुद्ध वापरला गेला. त्यांनी ऱ्होड्स अव्हेन्यूवर घर घेतले होते. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९४० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण तांत्रिक मुद्द्यावर. त्या खटल्यात बाहेर आलेली गोष्ट अशी : करार लागू होण्यासाठी ९५ टक्के रस्तादर्शनी जागेच्या मालकांच्या सह्या हव्या होत्या, होत्या सुमारे ५४ टक्के. नोंदवलेला कागद अटच पुरी करत नव्हता, आणि तरीही तो वर्षानुवर्षे लोकांना घराबाहेर ठेवत होता. असे करार कोर्टाने अंमलात आणायचे नाहीत हे १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात ठरले. त्या घरातली मुलगी लॉरेन हॅन्सबेरी पुढे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक लिहून गाजली.

बंदीचे करार गेले तरी कृष्णवर्णीयांना घरासाठी कर्ज मिळत नव्हते. मग सट्टेबाज आले. पश्चिमेकडच्या नॉर्थ लॉनडेलमध्ये ते घर स्वस्तात घेत आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला दुप्पट-अडीचपट भावाने ‘कराराने’ विकत. हप्ते पूर्ण फिटेपर्यंत दस्त विकणाऱ्याच्याच नावे राही. एक हप्ता चुकला की घर गेले, भरलेले पैसेही गेले. क्लाइड रॉस यांनी १९६१ मध्ये घेतलेल्या घराची किंमत २७,५०० डॉलर लावली होती; विकणाऱ्याने ते सहा महिन्यांपूर्वी १२,००० ला घेतले होते. हे रॉस यांना घेताना कळले नाही. पण कळण्याची जागा होती.

नोंदणीच्या वेळी दस्तावर कराचे सरकारी स्टॅम्प चिकटवत. त्या काळी केंद्राचा दर ५०० डॉलरला ५५ सेंट. दस्तावर किंमत लिहिलेली नसली तरी स्टॅम्प मोजले की ती निघे. १९६७ च्या सुमारास जॅक मॅकनमारा हा जेझुइट सेमिनरीचा विद्यार्थी लॉनडेलमध्ये राहायला आला. तो आणि त्याचे सहकारी घराघराचे जुने व्यवहार शोधू लागले, आणि मग शेजाऱ्यांच्या बैठकीत दोन्ही आकडे मांडले जाऊ लागले : त्याने कितीला घेतले, तुम्ही कितीला. १९६८ मध्ये ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ उभी राहिली, लोकांनी हप्ते रोखले. कोर्टात ते अखेर हरले, पण शेकडो करार नव्या, कमी भावाने लिहून घेतले गेले. ज्या वह्यांत बंदीचे करार बांधलेले होते त्याच वह्यांतून हा हिशेब निघाला. दप्तर कोणाच्या बाजूचे नव्हते. त्याच्या तटस्थपणाचे मला कौतुक वाटत नाही, पण ते बंद असते तर हे घडले नसते.

१९८८ मध्ये कॅरोल मोझली ब्राउन या कृष्णवर्णीय महिला रेकॉर्डर म्हणून निवडून आल्या. चार वर्षांनी त्या सिनेटवर गेल्या, अमेरिकेच्या सिनेटमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला म्हणून. दप्तरातले संगणकावर पाहता येणारे दस्त १९८५ पासूनचे आहेत. त्यामागचे हवे तर क्लार्क स्ट्रीटवरच्या इमारतीतल्या जुन्या वह्या आणि मायक्रोफिल्म.

संगणक आला आणि त्याच सुमारास बँकांनी दप्तरालाच वळसा घातला. १९९५ च्या आसपास त्यांनी ‘मर्स’ ही स्वतःची इलेक्ट्रॉनिक नोंद सुरू केली. गहाणखत एका बँकेकडून दुसरीकडे गेले तरी काउंटीत काही दिसेना. २००८ च्या जप्तीच्या लाटेत घरमालक विचारू लागले की मला घराबाहेर काढणारा नेमका कोण, आणि सरकारी दप्तराकडे उत्तर नव्हते. उलट खोट्या सह्यांचे दस्त वाढले. त्यावर काउंटीने मोफत सूचना सेवा सुरू केली : तुमच्या जागेवर नवा कागद चढला की तुम्हाला कळवू. चोरी अडवता येत नाही, झाली की सांगतो. अधिकारच तेवढा.

उघडेपणालाही काटे आहेत. २००५ मध्ये शिकागोतल्या न्यायाधीश जोन लेफ्को यांच्या घरी शिरून एका पक्षकाराने त्यांचे पती आणि आई यांचा खून केला. इलिनॉयने २०१२ मध्ये न्यायाधीशांच्या घरांचे पत्ते झाकण्याचा कायदा केला. न्यायाधीशांना हे मिळाले; नवऱ्याच्या मारहाणीतून पळालेल्या बाईनेही तेवढेच मागितले तर तिला काय सांगणार?

नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी रेकॉर्डरचे पद काउंटी क्लार्कमध्ये विलीन करायला संमती दिली, आणि ७ डिसेंबर २०२० पासून दस्त, जन्म, विवाह, मृत्यू सगळे एका छताखाली आले. २०२२ पासून घरमालकाला आपल्या दस्तातल्या जुन्या वंशभेदी कलमावर दुरुस्ती नोंदवता येते.

आता शॉमबर्ग किंवा हॉफमन इस्टेट्समध्ये घर बघणाऱ्या मराठी माणसासाठी क्रम असा. पत्त्यावरून काउंटीच्या असेसरच्या (कर-आकारणी अधिकाऱ्याच्या) संकेतस्थळावर १४ आकडी क्रमांक काढावा : पहिले दोन भागाचे, दोन उपभागाचे, तीन ब्लॉकचे, तीन तुकड्याचे, शेवटचे चार फ्लॅटचे. स्वतंत्र घर असेल तर शेवटी चार शून्ये. त्या क्रमांकाने क्लार्ककडे दस्त, गहाणखते आणि बोजे पाहावेत, ट्रेझररकडे थकलेला कर. घटस्फोट, दिवाणी दावे, वारसाहक्क कोर्टाच्या क्लार्ककडे. ते कार्यालय निराळे. जन्माची नोंद ७५ वर्षे, विवाहाची ५० आणि मृत्यूची २० वर्षे उलटल्यावरच वंशावळीच्या शोधासाठी खुली होते. आणि घराच्या मालकाच्या जागी एखाद्या बँकेचे नाव ‘ट्रस्टी’ म्हणून दिसले, तर तो इलिनॉयचा खास लँड ट्रस्ट. खरा लाभधारक कोण हे दप्तराला ठाऊक नसते. ते विकणाऱ्याकडून लेखी मागून घ्यावे, आणि मिळेपर्यंत इसाऱ्याचा चेक फाडू नये.