गुरूविना जर्मन

पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या हाइनरिश गॉटफ्रीड ओलेनडॉर्फने १८३५ मध्ये फ्रेंच वाचकांसाठी जर्मनचे एक पुस्तक काढले. सहा महिन्यांत भाषा लिहिता, वाचता, बोलता येईल, असे आश्वासन त्याच्या नावातच होते. शिक्षकाची शिकवणी लावा, नाहीतर व्याकरणाची कोष्टके घोका, ही तोवरची रीत होती. ओलेनडॉर्फने नियम बेताचे ठेवले आणि सराव भरपूर दिला. पाव, टोपी, सुरी अशा रोजच्या वस्तूंबद्दल एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारायचा आणि त्याची उत्तरे द्यायची. असे करता करता विभक्तीची रूपे जिभेवर बसत. उत्तरांची किल्ली वेगळ्या पुस्तकात मिळे. घरी एकट्याने शिकणाऱ्याची चूक कोण दाखवणार, हा प्रश्न त्या किल्लीने सोडवला.

उच्चारांचा प्रश्न मात्र उरलाच होता. त्यावरचा तोडगा बर्लिनमध्ये निघाला, तोही जर्मनांना फ्रेंच शिकवण्यासाठी. गुस्टाव लांगेनशाइट आणि त्याचा फ्रेंच शिक्षक शार्ल तुसाँ यांनी पत्रांतून धडे तयार केले. फ्रेंच ओळीखाली खुणांनी दाखवलेला उच्चार आणि शब्दाला शब्द असा अर्थ, अशी त्यांची मांडणी. हे छापायला प्रकाशक मिळेना, तेव्हा १८५६ मध्ये लांगेनशाइटने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. पुढे लंडनमध्ये इंग्रजी वाचकांसाठी मार्लबरोची ‘सेल्फ-टॉट’ पुस्तके आली, ह्यूगोची ‘मास्तरांशिवाय तीन महिन्यांत’ अशी हमी देणारी आली. जर्मन शब्दाशेजारी त्याचा उच्चार इंग्रजी अक्षरांत छापलेला असे.

तरीही नवख्याची पहिली झटापट अक्षरांशीच व्हायची. त्या काळी बरीच जर्मन पुस्तके फ्राक्टूर या टोकदार लिपीत छापली जात. तिच्यात शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, फरक काय तो मधल्या छोट्या आडव्या रेघेचा. त्यात १९०१ च्या बर्लिन परिषदेने शुद्धलेखन बदलले. दार, दरी अशा अर्थांच्या जर्मन शब्दांतला ‘टी’नंतरचा ‘एच’ गेला. जुना ग्रंथ आणि नवे पाठ्यपुस्तक शेजारी ठेवले, तर एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडे.

पुण्यामुंबईच्या संस्कृत अभ्यासकांना ही उठाठेव टाळता येण्यासारखी नव्हती. बोटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा संस्कृत कोश १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गला निघाला. त्यातले अर्थ जर्मनमध्ये होते. वेदांगज्योतिषावर आल्ब्रेश्ट वेबरने १८६२ मध्ये लिहिले, तेही जर्मनमध्ये. १८६६ ते १८८१ या काळात डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते फ्रान्त्स कीलहॉर्न, म्हणजे जर्मनच. बाळ गंगाधर टिळक विद्यार्थी असताना ते तिथेच होते. ज्योतिषाच्या आधारे वेदांचा काळ ठरवणारे टिळकांचे ‘ओरायन’ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बॉनच्या हेर्मान याकोबीने ज्योतिषाच्याच आधारे वेदांचा काळ बराच मागे नेला. दोघांनी एकमेकांना न विचारता हे काम केले होते, आणि याकोबीचा निबंध जर्मनमध्ये होता.

२२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण झाली. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास हाती घेतला. शिक्षक नव्हता, जर्मन बोलायला कोणी नव्हते. सोबत होता तो स्वयंपाकासाठी दिलेला कैदी. लिहायला पेन्सिल मिळे आणि वह्यांच्या पानांवर आकडे घातलेले असत, म्हणजे एखादे पान फाडले तर लगेच कळावे. टिळकांना जर्मन हवी होती ती युरोपीय पंडितांचे मूळ ग्रंथ वाचण्यासाठी. वेदांच्या काळाचा आणि वेदांगज्योतिषाचा विचारही त्यांनी मंडालेतच पुढे नेला. ते लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आले.

छापील पुस्तकाला आवाज मात्र नव्हता. लिंग्वाफोनने तो ग्रामोफोनच्या तबकडीवर आणला, पुढे रेडिओने घरोघरी पोचवला. डॉइच वेले आणि गोएथे इन्स्टिट्यूट यांच्या ‘डॉइच – वारुम निश्त?’ या मालिकेत हॉटेलात काम करणारा आंद्रेआस हा पत्रकारितेचा विद्यार्थी आणि कोणालाच न दिसणारी त्याची सोबतीण एक्स यांची गोष्ट ऐकत जगभरचे श्रोते जर्मन शिकले. आज किल्ली, उच्चार, आवाज हे सगळे मोबाइलमध्ये फुकट मिळते. मराठी माणसाला तर आणखी एक सोय आहे. नामांची तीन लिंगे पाहून इंग्रजी वाचक गांगरतो, आपण तो-ती-ते जन्मापासून वापरतो. कोणते नाम कोणत्या लिंगाचे, हे तेवढे पाठ करावेच लागते.

म्हणून नव्याने जर्मनला हात घालणाऱ्याने कोणते ॲप घ्यावे हे विचारण्याआधी आपल्याला या भाषेत काय करायचे आहे ते कागदावर लिहावे. ग्रंथ वाचायचा असेल तर व्याकरण आणि कोश आधी घ्यावा. तिकडे नोकरी किंवा शिक्षण हवे असेल तर पहिल्या दिवसापासून मोठ्याने बोलावे आणि मॅक्सम्युलर भवनाच्या, म्हणजे इथल्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या, ए-१ परीक्षेची तारीख आत्ताच पाहून ठेवावी.