संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

संगणक ही विद्या तज्ज्ञांची. शाळकरी मुलांनी तिच्या वाटेस जाऊ नये, अशी समजूत एके काळी सर्वत्र रूढ होती. ती कशी मोडली, याचा इतिहास उद्बोधक आहे. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तो सांगण्यास एक कारणही आहे; ते शेवटी सांगेन.

१९६२ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरी कंट्रोल डेटा या संगणक-कंपनीत बॉब अल्ब्रेक्ट नावाचे गृहस्थ नोकरीस होते. तेथील जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलच्या गणितप्रेमी विद्यार्थ्यांपुढे त्यांचे व्याख्यान झाले. समोर ३२ मुले होती. ‘आज्ञावली लिहावयास शिकणार का?’ असे विचारताच एकूण एक हात वर गेले. प्रौढांना शिकविताना असा उत्साह त्यांनी कधी पाहिला नव्हता. शाळेच्या वेळेबाहेर त्यांनी मुलांना शिकविण्यास प्रारंभ केला, आणि लवकरच शिकलेली मुलेच पुढच्या मुलांना शिकवू लागली. अल्ब्रेक्ट यांच्या पद्धतीचे मर्म हेच होय.

अडचण होती ती भाषेची. फोरट्रान ही शास्त्रज्ञांच्या सूत्रांसाठी घडविलेली भाषा. १ मे १९६४ रोजी पहाटे डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांची ‘बेसिक’ ही सोपी भाषा प्रथम चालली. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा तिचा हेतू. माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या माणसास याचे विशेष अगत्य वाटते! अल्ब्रेक्ट तिचे कट्टर पुरस्कर्ते झाले. १९७२ साली त्यांनी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे ‘पीपल्स कॉम्प्यूटर कंपनी’ या नावाचे नियतकालिक व केंद्र उभारले. तेथे बुधवारी संध्याकाळी चक्क अंगतपंगत होई, आणि जेवणासोबत संगणकाच्या गप्पा रंगत.

आपल्याकडे १९८४ साली भारत सरकारने ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. आरंभी सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी संगणक आले. त्यांच्या पोटात बेसिक भाषाच होती.

वडिलांच्या बदलीच्या गावी मी शिकत होतो, त्या शाळेतही तो संगणक आला. परंतु खोलीस कुलूप, यंत्रावर कापडी झूल, आणि आत जायचे ते जोडे काढून! यंत्र बिघडेल या धास्तीने कित्येक महिने आम्ही ते दुरूनच पाहिले. पुढे गणिताच्या एका तरुण शिक्षकांनी किल्ली मागून घेतली आणि शाळा सुटल्यावर रोज संध्याकाळी तासभर खोली उघडी ठेवली. एक पैसाही न घेता त्यांनी आम्हांस शिकविले. माझी पहिली आज्ञावली सतराचा पाढा छापणारी होती. पडद्यावर तो पाढा उमटला तेव्हाचा आनंद नोकरीतील कोणत्याही बढतीने मला दिला नाही.

यंत्रे महाग होती, भाषा अवघड होती, हे खरेच. पण मुलांना दूर ठेवले ते मुख्यतः कुलपाने. आज यंत्र घरोघरी आहे, तरी शेजारी बसून शिकविणारे माणूस सर्वांना लाभत नाही. मंडळाच्या वाचनालयाची खोली आठवड्यातील बहुतेक संध्याकाळी रिकामीच असते. मंडळातील महाविद्यालयीन मुलामुलींनी तेथे शाळकरी मुलांना, आपल्या व शेजारच्या, मराठी असोत वा नसोत, विनामूल्य शिकवावे, अशी माझी नम्र सूचना आहे. किल्ली सांभाळण्याचे काम मी आनंदाने पत्करीन.