स्वल्पविरामाचे दोन सेकंद

मुंबईतील अंतर्गत एक्सचेंज असलेल्या कार्यालयातून यवतमाळला दूरध्वनी करावयाचा, तर आधी शून्य दाबून बाहेरची लाइन घ्यावी, तिचा सूर कानी पडेपर्यंत थांबावे आणि मग 07232 लावावे, हे माणसाला सांगावे लागत नसे. यंत्राला मात्र थांबणे शिकवावे लागले.

1981 मध्ये आलेला हेज स्मार्टमोडेम संगणकाच्या लेखी आज्ञेवरून स्वतः क्रमांक लावी. ‘एटीडीटी’ लिहून पुढे क्रमांक द्यायचा. क्रमांकात स्वल्पविराम आला, की मोडेम दोन सेकंद स्तब्ध! ‘एटीडीटी 0,07232…’ यातला तो विराम गाळला, तर लाइन येण्यापूर्वीच सुटलेले अंक वाया जात.

1986-87 च्या सुमारास मुंबईतील एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात डायल-अपवरून ई-मेल सुरू झाली, ती यूयूसीपी या पद्धतीने. बेल लॅब्जच्या माइक लेस्कने ती घडवली होती. तिच्या आज्ञालेखात केवळ ‘थांब’ नव्हते. ‘समोरून अमुक अक्षरे येईपर्यंत थांब, मग हे पाठव’ असेही सांगता येई. मला हा विराम अधिक शहाणा वाटतो. ठरावीक सेकंद मोजणे हा शेवटी अंदाजच. जाणकार तर ‘लॉगिन’ या इंग्रजी शब्दातले पहिले अक्षर मुद्दाम सोडून उरलेल्याचीच वाट पाहायला लावीत. कारण ते कुठे मोठ्या लिपीत येई, तर कुठे वाटेत हरवे.

खरा पेच पुढेच आहे. मजकूर आणि आज्ञा एकाच तारेवरून जात. चालू संभाषणात मोडेमला हाक मारण्यासाठी ‘+++’ पाठवायचे. पण त्याच्या आधी आणि नंतर एकेक सेकंद शांतता हवी. ती असली तरच ही अधिक-चिन्हे आज्ञा ठरत, अन्यथा मजकूर. डेल हेदरिंग्टन यांच्या या युक्तीचे पेटंट हेज कंपनीकडे होते. परवानाशुल्क टाळू पाहणाऱ्या काही उत्पादकांनी ती शांततेची अटच काढून टाकली. परिणामी ‘+++’ आणि लगोलग दूरध्वनी ठेवण्याची ‘एटीएच’ ही आज्ञा एखाद्या साध्या मजकुरात आली, तरी त्यांचे मोडेम निमूटपणे संपर्क तोडीत. 1990 च्या दशकाच्या अखेरीस खोडसाळ मंडळी नेमकी हीच अक्षरे पाठवून दुसऱ्यांचे इंटरनेट बंद पाडीत असत.