अल्फारेटा ते कॅन्यन डी शे : एक वाट, दोन हद्दपाऱ्या

अल्फारेटात ज्यांनी स्वतःचे घर घेतले असेल त्यांनी एकदा घराचे डीड काढून पाहावे. त्यात ‘लँड लॉट’, ‘डिस्ट्रिक्ट’ आणि ‘सेक्शन’ असे आकडे असतात. क्लोजिंगच्या दिवशी सह्यांच्या गडबडीत ते कुणी वाचत नाही. हे आकडे जॉर्जिया राज्याने १८३२ साली काढलेल्या लॉटरीपासून चालत आलेले आहेत. चेरोकी लोकांच्या मुलखाचे तुकडे पाडून ते त्या वेळी चिठ्ठ्या टाकून गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटले गेले. चेरोकी तेव्हा त्याच जमिनीवर राहत होते, तिथेच नांगर धरत होते.

नाताळच्या सुट्टीत आम्ही गाडीने ॲरिझोनातील कॅन्यन डी शे पाहायला गेलो, तेव्हा हा इतिहास वाटेत पुन्हा भेटेल असे वाटले नव्हते. अंतर सोळाशे मैलांच्या आसपास. बर्मिंगहॅम, मेम्फिस, ओक्लाहोमा सिटी, अल्बुकर्की असा सरळ पश्चिमेचा रस्ता. जॉर्जियातून घालवलेले लोक जिथे नेले तो प्रदेश याच रस्त्यावर लागतो, आणि कॅन्यनमधून घालवलेले लोक जिथे कोंडले ती जागाही रस्त्यापासून फार दूर नाही.

लिपी, वर्तमानपत्र आणि तरीही हद्दपारी

चेरोकी म्हणजे रानात भटकणारी टोळी, अशी आपली समजूत सिनेमांतून झालेली असते. वास्तविक १८२७ साली त्यांनी स्वतःची लेखी राज्यघटना केली होती. न्यू एकोटा ही त्यांची राजधानी, अल्फारेटापासून गाडीने तासाभराच्या वाटेवर. सेक्वोया नावाच्या गृहस्थाने, इंग्रजी लिहिता-वाचता येत नसताना, १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेची लिपी तयार केली. एका अक्षराला एक चिन्ह अशी तिची रचना आहे. बाराखडी घोकून वाढलेल्या आपल्याला तिचे नवल वाटू नये. या लिपीत आणि इंग्रजीत ‘चेरोकी फीनिक्स’ हे वर्तमानपत्र फेब्रुवारी १८२८ मध्ये न्यू एकोटातून निघू लागले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले जानेवारी १८३२ मध्ये, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनंतर!

चेरोकींच्या प्रदेशात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत, असा निकाल १८३२ सालीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याचा उपयोग झाला नाही. २९ डिसेंबर १८३५ रोजी एका छोट्या गटाने न्यू एकोटात करारावर सह्या केल्या. मुख्य नेते जॉन रॉस यांची त्यावर सही नव्हती, तरी सेनेटने तो एका मताच्या फरकाने मंजूर केला. १८३८ च्या उन्हाळ्यात सैन्याने घरोघर जाऊन माणसे गोळा केली. पुढचा हिवाळा बहुतेकांनी वाटेवर काढला. बर्फाने गोठलेली मिसिसिपी पार करता येईना म्हणून काही तांडे तिच्या काठी थंडीत अडकून पडले. या ‘ट्रेल ऑफ टिअर्स’मध्ये सुमारे चार हजार माणसे मेली, असा एक प्रचलित अंदाज आहे. काही चेरोकी नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत राहू शकले. स्मोकी माउंटन्सला जाताना लागणारे चेरोकी गाव त्यांचेच. बाकीचे ओक्लाहोमात गेले. आय-४० वरून ओक्लाहोमात शिरताच जी काउंटी लागते तिचे नाव आहे सेक्वोया.

कॅन्यनमधला हिवाळा

कॅन्यन डी शे नवाहोंच्या प्रदेशात, चिनली गावाला लागून आहे. ‘खडकाच्या आत’ अशा अर्थाच्या नवाहो शब्दाचा स्पॅनिश लोकांनी केलेला हा अपभ्रंश. लाल वालुकाश्माचे उभे कडे काही ठिकाणी हजार फुटांपर्यंत जातात, आणि तळाशी वाळूतला ओढा, झाडे आणि शेते. डिसेंबरात कड्यांच्या सावलीत बर्फ साचलेला होता आणि ओढ्यावर बर्फाचा पापुद्रा होता. १९३१ साली याला राष्ट्रीय स्मारक केले, पण जमीन आजही नवाहोंचीच आहे. काही कुटुंबे अजून खाली शेती करतात. म्हणून दरीत उतरायचे तर सहसा नवाहो वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. आमच्या वाटाड्याने खालून एक उंच सुटा खडक दाखवला. त्याला फोर्ट्रेस रॉक म्हणतात.

अमेरिकन यादवी चालू असताना, १८६३ साली, जनरल कार्लटनने नवाहोंना कायमचे हलवायचे ठरवले आणि हे काम किट कार्सनवर सोपवले. त्याच्या सैनिकांनी उन्हाळ्यापासून मक्याची शेते जाळली, मेंढ्या पकडून नेल्या. हिवाळा येईपर्यंत लोक उपाशी होते. जानेवारी १८६४ मध्ये बर्फातून फौज या दरीत शिरली. नवाहोंच्या तोंडी परंपरेप्रमाणे तीनएकशे माणसे त्या खडकावर अन्न साठवून बसली होती. पाणी संपले तेव्हा, खाली सैनिकांचा तळ असताना, त्यांनी रात्री दोरांना भोपळे बांधून ओढ्यातले पाणी वर ओढले. गडावर दाणागोटा भरून वेढा कसा सोसतात, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको! ही माणसे हाती लागली नाहीत. पण हजारो इतर लोक थंडीने आणि भुकेने शरण आले. त्याच वर्षी सैनिकांनी दरीतली पीचची हजारो झाडे तोडून टाकली.

शरण आलेल्यांना तीनशे मैलांहून अधिक चालवत न्यू मेक्सिकोतल्या पेकोस नदीकाठी फोर्ट सम्नरला नेले. यालाच ‘लाँग वॉक’ म्हणतात. तिथे साडेआठ हजारांच्या आसपास नवाहो डांबले गेले. नदीचे पाणी खारे, सरपणाची टंचाई, मक्यावर कीड. चार वर्षांत दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, असे सांगितले जाते.

शर्मनपुढे

१८६८ च्या मे महिन्यात वाटाघाटीसाठी तिथे आला जनरल विल्यम टेकुम्से शर्मन. आपल्याकडे हे नाव कुणाला सांगावे लागत नाही. नोव्हेंबर १८६४ मध्ये अटलांटा जाळणारा तो हाच. त्याच वर्षीच्या जुलैत त्याच्या हुकमाने आपल्या शेजारच्या रॉझवेलमधल्या गिरण्यांतल्या सुमारे चारशे कामगारांना, मुख्यतः बायकामुलांना, पकडून उत्तरेकडे पाठवले होते. त्यांतल्या कित्येकजणी परत आल्याच नाहीत. नावातला ‘टेकुम्से’ मात्र एका शॉनी पुढाऱ्याचा!

शर्मनने सुचवले ते ओक्लाहोमाच. चेरोकी जिथे नेले होते, त्याच मुलखात नवाहोंनी जावे. नवाहोंच्या वतीने बोलत होता बार्बोन्सितो. त्याचा जन्म कॅन्यन डी शेचा. त्याचे बोलणे आधी स्पॅनिशमध्ये आणि मग इंग्रजीत, असे दोन दुभाष्यांतून शर्मनपर्यंत पोचत होते. आमच्या पूर्वजांनी आम्हाला चार पर्वतांच्या आत राहायला सांगितले आहे, आमच्या मुलखाखेरीज दुसरीकडे आम्हाला पाठवू नका, हा त्याचा मुद्दा होता. १ जून १८६८ रोजी करार झाला आणि नवाहोंना त्यांच्या मुलखाचा एक भाग परत मिळाला.

यात शर्मनची दया किती आणि हिशेब किती, हे तपासले पाहिजे. हजारो कैद्यांना पोसण्याचा खर्च सरकारला जड झाला होता आणि पेकोसकाठची शेती फसली होती. नवाहोंचा मुलूख त्या काळी गोऱ्या शेतकऱ्यांना फारसा हवासा नव्हता. चेरोकींच्या जमिनीत कापूस पिकत होता, १८२९ च्या सुमारास सोनेही सापडले होते. घटना, लिपी, वर्तमानपत्र आणि न्यायालयाचा निकाल हाती असलेले हरले, आणि उपाशी कैदी घरी परतले. बार्बोन्सितोच्या हट्टाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. त्याने तेव्हा मान डोलावली असती तर आज कॅन्यनच्या तळाशी मका पेरायला नवाहो उरले नसते.

१८ जून १८६८ रोजी परतीचा तांडा निघाला. टेलर पर्वत दिसू लागला तेव्हा म्हातारी माणसे रडली, अशी आठवण त्यांचा पुढारी मान्युएलितो याने पुढे सांगितली. तो त्यांच्या चार पर्वतांपैकी दक्षिणेचा. अल्बुकर्की सोडून आय-४० ने पश्चिमेला निघाले की तो उजव्या हाताला दिसतो. आज नवाहो नेशन सुमारे २७,००० चौरस मैलांचे आहे.

आपणही गाव सोडून आलो, पण व्हिसा घेऊन आणि आपल्या मर्जीने, आणि परतीचे तिकीट केव्हाही काढता येते. म्हणून त्यांच्या दुःखाशी आपली बरोबरी करू नये. फार तर १९२१ साली मुळशीच्या धरणापायी जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी जो सत्याग्रह केला तो आठवावा. आपण ज्या जमिनीवर घरे बांधली तिचा मागचा हिशेब मुलांना ठाऊक असावा, एवढे मात्र आपण करू शकतो. न्यू एकोटा एका शनिवारात पाहून होते. आणि कुणी हिवाळ्यात त्या बाजूला निघालेच, तर सँटा रोझाला आय-४० सोडून दक्षिणेला चाळीसएक मैलांवरच्या फोर्ट सम्नरला जरूर जावे. तिथे २००५ साली उघडलेले बॉस्क रेडोंडो स्मारक आहे. आधी ते पाहावे आणि मग कॅन्यन. तळाशी शेत दिसले की ते कुणी आणि कसे परत मिळवले, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.