‘ओ’ आणि ‘मॅक्’ : आयरिश आडनांवांचा मूळशोध

वंशपरंपरेनें आडनांव चालविण्याची रीत यूरोपांत सर्वत्र सारख्या वयाची नाहीं. इंग्लंडांत ती नॉर्मनांच्या स्वारीनंतर हळूहळू रुजली. आयर्लंडांत मात्र दहाव्या शतकाच्या आरंभींच तिचीं चिन्हें दिसूं लागतात. ९१६ सालीं गॉलवेकडील एका लहानशा राज्याचा अधिपति टिगर्नाख ओ'क्लेरी मरण पावल्याची नोंद बखरींत आहे, आणि आयर्लंडांतील ज्ञात आडनांवांत तेंच सर्वांत जुनें असें सामान्यतः मानलें जातें.

‘ओ’ म्हणजे मूळ अर्थानें नातू, आणि लक्षणेनें वंशज. ‘मॅक्’ म्हणजे पुत्र. आमच्याकडील माणूस ‘कर’ लावून गांव सांगतो. आयरिश माणूस आजा सांगतो. हा आजाहि बहुधा कोणी पौराणिक पुरुष नसून बखरींत सांपडणारा मनुष्य असतो. ओ'ब्रायन हे १०१४ सालीं क्लॉन्टार्फच्या लढाईंत पडलेल्या ब्रायन बोरूचे वंशज. ओ'नील हे ९१९ सालीं डब्लिनजवळ नॉर्स लोकांशीं लढतांना मारल्या गेलेल्या नियाल ग्लुन्डुव्हचे. येथें वाचकांनीं एक घोटाळा टाळला पाहिजे. इतिहास व दंतकथा यांच्या सीमेवर उभा असलेला पांचव्या शतकांतील ‘नऊ ओलिसांचा नियाल’ हा वेगळा. त्याच्या नांवानें ‘ई नील’ हा राजकुलांचा मोठा समूह ओळखला जातो. ओ'नील हें त्यांतील एका शाखेचें आडनांव, तर ओ'डोनेल, ओ'डोहर्टी, गॅलगर, बॉइल हीं दुसऱ्या शाखांचीं.

असा स्पष्ट उगम असतां मूळशोध सोपा असावा असें कोणासहि वाटेल. परंतु राजसत्तेनें आणि आगीनें तो अवघड करून ठेवला आहे. १४६५ सालीं चौथ्या एडवर्डच्या कारकीर्दींत आयर्लंडच्या पार्लमेंटानें असा कायदा केला कीं, डब्लिन, मीथ, लाउथ व किल्डेर या भागांत राहणाऱ्या आयरिश लोकांनीं इंग्रजी आडनांव घ्यावें; तें एखाद्या गांवाचें, रंगाचें, धंद्याचें किंवा हुद्द्याचें असावें. पुढें सतराव्या व अठराव्या शतकांत गेलिक सत्ता मोडल्यावर ‘ओ’ व ‘मॅक्’ सर्रास गळाले. कारकुनांनीं कानावर पडेल तसें लिहिलें, कोणीं भाषांतर केलें, आणि तेंहि पुष्कळदां चुकीचें. ‘मॅक् गावन’ म्हणजे लोहाराचा पुत्र. त्याचा ‘स्मिथ’ झाला हें ठीक. पण ‘मॅक् कॉनरी’ या नांवाच्या शेवटीं राजवाचक ‘री’ शब्द ऐकूं येतो एवढ्यावरून त्यांचे ‘किंग’ झाले! १८९३ सालीं गेलिक लीग स्थापन झाल्यानंतर पुष्कळांनीं ‘ओ’ परत लावला, तोहि केव्हां केव्हां अंदाजानें.

आगीची कथा याहून दुःखद आहे. ३० जून १९२२ रोजीं, यादवी युद्धाच्या आरंभींच, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील दप्तरखाना स्फोटांत व आगींत नष्ट झाला. १८२१ ते १८५१ पर्यंतच्या चार शिरगणत्यांचे बहुतेक कागद तेथें जळाले. १८६१ व १८७१ चे कागद सरकारनें स्वतःच पूर्वीं नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळांत लगद्यासाठीं गेले. त्यामुळें १९०१ व १९११ च्या गणत्यांवरून मागें जाणारा शोधक एकदम १८४७ ते १८६४ मधील ग्रिफिथच्या जमीनमोजणीवर येऊन आदळतो. तींतहि कुटुंबांतील केवळ खातेदाराचें नांव. दुष्काळांत अमेरिकेस गेलेल्या कुटुंबाच्या वंशजास बहुधा एवढेंच ठाऊक असतें कीं, आपले पूर्वज आयर्लंडचे.

अशा स्थितींत जीवशास्त्र मदतीस आलें. पुरुषाचें वाय-गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जवळजवळ जसेंच्या तसें जातें. म्हणजे तें आडनांवाच्याच वाटेनें चालतें. त्यांत क्वचित् होणारे फेरफार मोजून दोन पुरुषांचा समान पूर्वज सुमारें किती पिढ्यांपूर्वीं झाला हें सांगतां येतें. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांतील संशोधकांनीं २००६ सालीं दाखविलें कीं, वायव्य आयर्लंडांतील तपासलेल्या पुरुषांपैकीं सुमारें पांचांत एक जण एकाच विशिष्ट नमुन्याचें गुणसूत्र बाळगतो, आणि ई नील समूहाचीं म्हणून समजलीं जाणारीं आडनांवें धारण करणाऱ्यांत तो नमुना अधिक आढळतो. लगेच वृत्तपत्रांनीं नऊ ओलिसांच्या नियालास लक्षावधि मनुष्यांचा पूर्वज ठरवून टाकलें.

आम्हांस त्या वेळचा हा उत्साह समजतो. जुन्या वंशावळीस प्रयोगशाळेनें दुजोरा दिला याचा आनंद कोणास होणार नाहीं? पण पुढील सूक्ष्म परीक्षेनें चित्र बदललें. ज्या खुणेस आतां ‘एम-२२२’ म्हणतात ती स्कॉटलंडच्या दक्षिण भागांत व इंग्लंडच्या उत्तरेसहि सांपडते, आणि तिचें वय नियालच्या काळाच्या मागें जातें. तेव्हां ती नियालच्या वंशजांत असली तरी तिचा प्रत्येक धारक नियालचा वंशज ठरत नाहीं. आणखी मौज अशी कीं, चांचणी करून घेतलेल्या ओ'नीलांतील मुख्य गटांत ही खूणच नाहीं.

मग बखरकार खोटे ठरतात काय? तसें म्हणण्याची घाई आम्ही करणार नाहीं. पितृपरंपरा तुटण्याचें प्रमाण दर पिढीस शेंकडा एक एवढें अल्प धरलें, तरी तीस पिढ्यांत सुमारें चतुर्थांश शाखा निराळ्या रक्ताच्या होतात. दत्तकविधान, आईचें आडनांव लावणें, सरदाराच्या आश्रितांनीं त्याचें नांव घेणें, अशीं कारणें अनेक. दरवेळीं व्यभिचारच कल्पिण्याचें प्रयोजन नाहीं. शिवाय गेलिक समाजांत एक विलक्षण चाल होती: स्त्रीनें आपलें मूल अमक्या पुरुषाचें असें जाहीर करावें, व त्यानें तें स्वीकारलें म्हणजे तें त्याचें. डंडॉक येथील केली नांवाच्या लोहाराचा मुलगा म्हणून वाढलेला मॅथ्यू अशाच रीतीनें कॉन ओ'नीलचा पुत्र झाला. १५४२ सालीं आठव्या हेन्रीनें कॉनला टिरोनचा अर्ल केलें, तेव्हां वारस म्हणून मॅथ्यूस डनगॅननचा बॅरन ही पदवी मिळाली. कॉनचा औरस पुत्र शेन हा चवताळला. मॅथ्यू लोहाराचा पोर आहे हाच त्याचा मुख्य मुद्दा, आणि तो त्यानें एलिझाबेथ राणीपुढेंहि मांडला. या तंट्यांत मॅथ्यू मारला गेला. पण त्याचाच मुलगा ह्यू ओ'नील. इंग्रजांशीं नऊ वर्षें झुंजून १६०७ सालीं देश सोडून गेलेला तो टिरोनचा अर्ल. गेलिक आयर्लंडचा हा शेवटचा मोठा सेनानी गुणसूत्रानें कदाचित् ‘केली’ असेल. त्याच्या अनुयायांस तो प्रश्न पडला नाहीं. त्यांच्या लेखीं तोच ‘ओ'नील’ होता.

जेथें दप्तर अजिबात मुकें आहे तेथें मात्र चांचणीचा उपयोग निर्विवाद आहे. ओ'क्लेरी हेंच उदाहरण घ्या. याच घराण्यांतील मीहाल ओ'क्लेरीनें १६३२ ते १६३६ या काळांत सहकाऱ्यांसह ‘चार आचार्यांची बखर’ सिद्ध केली. या नांवाचा मूळ अर्थ धर्मपाठक, कारकून. म्हणून पुष्कळ ओ'क्लेरी पुढें ‘क्लार्क’ झाले. इंग्लंडांतून आलेले खरेखुरे क्लार्कहि आयर्लंडांत होतेच. बॉस्टनमधल्या एखाद्या क्लार्कानें आपण या दोहोंपैकीं कोण असें विचारलें, तर जळालेलें दप्तर त्यास कांहींच सांगणार नाहीं. परंतु त्याचें गुणसूत्र आयर्लंडांतील क्लेरींशीं जुळलें, तर कोणत्या परगण्यांतील चर्चच्या नोंदवह्या प्रथम उघडाव्या एवढें त्यास कळूं शकतें.