आकाशाचे ऐकणारे दालन

वाऱ्याकडून वाद्य वाजवून घेण्याची कल्पना जुनी आहे. आथानासिउस किर्खर या जर्मन पंडिताने १६५० साली आपल्या संगीतविषयक ग्रंथात अशा तंतुवाद्याचे वर्णन केले. अठराव्या शतकात युरोपातील सुखवस्तू लोक ते घराच्या खिडकीत ठेवीत. वारा सर्वांचा, नाद मात्र घरधन्याचा!

२००६ साली अलास्कातील फेअरबँक्स येथे, विद्यापीठाच्या संग्रहालयात, संगीतकार जॉन ल्यूथर अ‍ॅडम्स यांनी एक दालन उभे केले. सूर्यचंद्रांची स्थिती, ध्रुवप्रकाशाबरोबरची चुंबकीय खळबळ, भूकंपाचे हादरे, आकाशाची स्वच्छता यांची मोजमापे संगणकाकडे येतात. त्यांतून १४ ध्वनिक्षेपकांवर नाद उमटतो. ढग दाटले की तो दबतो.

यंत्रमाग कामगारांत आम्ही वावरलो. मागांच्या खडखडाटात पावसाची सर ऐकू येत नाही, आणि कारखान्याचा भोंगा बाराही महिने एकाच सुरात हुकूम सोडतो. म्हणून आम्हांला या दालनाचे मोल वाटते. येथे यंत्र आकाशाचे ऐकते. खिडकीतला नाद सार्वजनिक वास्तूत आला. तो ऐकायला कष्टकऱ्याला फुरसत मात्र हवी. १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी आठ तासांचा दिवस मागितला, तेव्हा हीच फुरसत मागितली होती.