सामना पाहायला गेलेली माणसे

श्रोतेहो, महाशिवरात्र जवळ आली की आपल्या अहेरी भागातून मार्कंड्याच्या जत्रेला माणसे निघतात. एकटा सहसा कोणी निघत नाही. चार घरची माणसे मिळून शिदोरी बांधतात आणि वाटेने दुसऱ्या गावचीही येऊन मिळतात. जत्रा भरते ती अशी माणसांनी. आज तुम्हांला सांगायचे आहे ते दुसऱ्या एका जत्रेविषयी, फुटबॉलचा सामना पाहायला जाणाऱ्या लोकांविषयी.

तुम्ही म्हणाल, खेळणारे खेळतात. बघणाऱ्यांचा कसला आलाय इतिहास? तर ऐका.

२९ जुलै १९११. कलकत्त्याच्या मैदानावर मोहन बागान संघाची गाठ ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीशी होती. आपल्या अकरा गड्यांपैकी दहा अनवाणी! दूरदूरच्या गावांहून लोक आगगाडीने आले, बोटींनी आले. गर्दी एवढी, की मागच्यांना चेंडूच दिसेना. मग कोणी तरी युक्ती केली. गोलांचा आकडा लिहून पतंग उडवायचा, म्हणजे लांबच्यालाही कळावे. त्या दिवशी मोहन बागान २-१ असे जिंकले. राज्य इंग्रजांचेच राहिले. पण घरी परतणाऱ्यांच्या मनातली गोऱ्या साहेबाची भीती थोडी तरी ओसरली असेलच ना?

आता परदेशी चला. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई खेळ भरले. इस्राएल व तैवान यांना इंडोनेशियाने येऊ दिले नाही, म्हणून भारताचे क्रीडा-अधिकारी गु. द. सोंधी यांनी हरकत घेतली. तिथले लोक भडकले. ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाशी अंतिम सामना होता. सुमारे लाखभर प्रेक्षक, आणि बहुतेक सारे भारताच्या विरुद्ध ओरडणारे. पहिल्याच सामन्यात याच कोरियाने आपल्याला २-० असे हरवले होते. बचावफळीतला जर्नेल सिंग डोक्याला टाके पडलेले असताना पुढे आक्रमणात खेळत होता.

त्या गलक्यात एक लहानसा घोळका मात्र भारताच्या नावाने ओरडत होता. कोण असतील हे? पाकिस्तानचे हॉकीपटू! पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी एकेक गोल केला, आणि चुनी गोस्वामींच्या संघाने २-१ ने सुवर्णपदक मिळवले. फाळणी होऊन तेव्हा अवघी पंधरा वर्षे झाली होती. लाखाच्या गर्दीत मूठभर माणसे आपल्या बाजूने ओरडली, ही गोष्ट त्या खेळाडूंनी पुढे अनेक वर्षे सांगितली.

आणि आता आपल्याच महाराष्ट्रात या. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीला भारताने चिनी तैपेईवर ५-० अशी मात केली. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. एवढ्या मोठ्या मुंबईत पाहायला माणसे किती? २५६९! दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून लोकांना विनवले. आम्हांला नावे ठेवा, शिव्याही द्या, पण मैदानावर येऊन द्या, असा त्याच्या बोलण्याचा मतलब होता. ४ जूनला केनियाशी सामना होता आणि छेत्रीचा तो शंभरावा सामना. सगळी तिकिटे खपली. पाऊस कोसळत होता, तरी माणसे भिजत उभी राहिली. भारत ३-० ने जिंकला. त्यांतले दोन गोल छेत्रीचे. आदल्या सामन्यातही संघ जिंकलाच होता. पण जिंकूनही त्याला लोकांपुढे हात जोडावे लागले, हे ध्यानात घ्या.

अहेरीहून मुंबई हजार किलोमीटरच्या घरात. आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करीत बल्लारपूरला गाडी धरायची, ती पुढे किती तास! हे प्रत्येकाला कसे जमावे? पण गुरुजी, तुमच्या शाळेची पोरे शेजारच्या गावच्या पोरांशी खेळतात, तो सामना तर चालत जाण्याच्या अंतरावर असतो. त्या दिवशी वर्गातल्या बाकीच्या मुलामुलींनाही घेऊन निघा. आईबापांना निरोप धाडा. हरणाऱ्या पोरालाही कडेला आपली माणसे उभी दिसू द्या. पुढच्या सामन्याला ते पोर पुन्हा मैदानात उतरेल की नाही, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.